फाटकात अडकलेला माल

नागपूरच्या मनीषनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा वर्धा रोडला जायचं म्हणजे रेल्वेचं फाटक ओलांडणं आलंच. सकाळी कॉलेजला निघाले की हमखास फाटक पडलेलं असायचं. कोळशाची लांबलचक मालगाडी जाईपर्यंत स्कूटर बंद करून उभं राहायचं. फाटक उघडलं तरी सुटका नसे, कारण दोन्हीकडून सगळे एकदम घुसत आणि मध्येच अडलेल्या एका टेम्पोमुळे मागची सगळी रांग खोळंबे. आता पूल झाला, खालून रस्ताही झाला. पण मुंबईच्या एका प्रयोगशाळेचं काम वाचत होते तेव्हा ते फाटक जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, जवळजवळ तीस वर्षं. मज्जासंस्थेच्या धड्यात सिनॅप्सची आकृती असते. दोन चेतापेशी जिथे अगदी जवळ येतात पण एकमेकींना टेकत नाहीत, ती जागा म्हणजे सिनॅप्स. पहिल्या पेशीच्या टोकाला फुगीर बोंड आणि त्यात लहान लहान गोल. मुलं ते गोल पेन्सिलीने भराभर काढतात, कुणी दहा, कुणी तीस. एका वर्षी पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे गोल इथे येतात कुठून?" मी म्हणाले, "तिथेच तयार होतात," आणि पुढचा मुद्दा घेतला. उत्तर अर्धंच बरोबर होतं. राहिलेलं अर्धं आज लिहिते.

ते गोल म्हणजे पुटिका, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या. एकेकीचा व्यास साधारण ४० नॅनोमीटर. पंचवीस हजार ओळीने मांडल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा पिशवीचं कवच मात्र प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं. उंदराच्या मेंदूतल्या पुटिका वेगळ्या काढून २००६ साली मोजदाद झाली, तेव्हा एकाच पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाच्या प्रथिनाचे सुमारे ७० रेणू निघाले. हे प्रथिन पेशीच्या पडद्यावरच्या जोडीदार प्रथिनांशी पीळ घालतं आणि पुटिकेला पडद्याशी खेचून धरतं. दुसरं एक, सिनॅप्टोटॅग्मिन, कॅल्शियमची वाट बघत असतं. विजेचा संदेश आला, कॅल्शियम आत शिरलं, की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत पुटिका फुटून रसायन बाहेर पडतं आणि संदेश पलीकडे पोचतो. हे गणित उलगडणाऱ्या थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं, जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्यासोबत.

ही प्रथिनं किती मोलाची आहेत ते धनुर्वात सांगतो. खिळा लागला की आपल्याकडे आई आधी इंजेक्शनसाठी दवाखान्यात नेते. धनुर्वाताच्या जंतूचं विष मज्जारज्जूत पोचतं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींमधलं हेच सिनॅप्टोब्रेव्हिन कापून टाकतं. पुटिका भरलेल्या असतात, पण फुटू शकत नाहीत. स्नायूंना 'सैल हो' म्हणणारं कुणी उरत नाही आणि अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. एक प्रथिन तुटलं, बस.

आता त्या मुलीचा प्रश्न. फुटलेल्या पुटिकेचा पडदा पेशी तिथल्या तिथे परत आत ओढते आणि त्यातून नवी पुटिका भरते. म्हणून माझं उत्तर अर्धं बरोबर. हा भाग समजायला एका माशीची फार मदत झाली. 'शिबिरे' या जपानी नावाची फळमाशीची एक जात आहे. तापमान २९-३० अंशांवर गेलं की ती लुळी पडते आणि गारव्यात आणली की पुन्हा उठून चालते. नागपुरात फेब्रुवारीच्या दुपारीसुद्धा पारा तिथे पोचतो. तिच्यात डायनॅमिन नावाचं प्रथिन उष्णतेत निकामी होतं, पडदा परत ओढला जात नाही आणि बोंडातल्या पुटिका संपून जातात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथे या विषयाचा पाया ओबेद सिद्दिकी यांनी घातला होता.

पण पुटिकेचं मूळ सामान बोंडात तयार होत नाही. प्रथिनं बनतात दूर, पेशीच्या मुख्य अंगात. पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचा तंतू कमरेजवळच्या मज्जारज्जूतून निघतो, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत या मालाचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. म्हणजे आज कमरेपाशी बनलेलं सामान अंगठ्यापर्यंत पोचायला अडीच ते पाच दिवस लागतात. वह्यांतल्या आकृत्यांत हा तंतू आम्ही दोन इंचांत आटोपत होतो.

त्याच टाटा संस्थेत संध्या कौशिका यांनी हा प्रवासच अभ्यासाला घेतला. त्यांचा प्राणी म्हणजे सी. एलिगन्स, मातीतला एक मिलिमीटरचा पारदर्शक कृमी. त्याच्या उभयलिंगी प्रकारात मोजून ३०२ चेतापेशी असतात. हलका स्पर्श ओळखणाऱ्या पेशी सहा. पुटिकेवरच्या प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत कृमीच्या आत हिरवे ठिपके धावताना दिसतात. अडचण एवढीच की कृमी वळवळतो आणि भूल दिली तर वाहतूकच मंदावते. म्हणून या गटाने एक बारीक चिप वापरली. तिच्यातला मऊ पडदा कृमीला हलकेच दाबून धरतो. काम झालं की तो सुटून निघून जातो.

माल वाहणारं इंजिन म्हणजे यूएनसी-१०४ नावाचं प्रथिन. ते बिघडलेल्या कृमींत पुटिका पेशीच्या अंगातच साचतात, टोकाला जवळजवळ काही पोचत नाही आणि कृमीला धड सरपटता येत नाही.

मला सगळ्यात भावलं ते या गटाचं २०१८ मधलं काम. ठिपके सगळे सतत धावत नसतात. पुष्कळसे काही मिनिटं जागीच उभे असतात, तेही कुठेही नाही, तर तंतूत जिथे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे दाट आहेत तिथे. आधी एखादा अडला की मागून येणारा तिथेच अडण्याची शक्यता वाढते. गर्दीने गर्दी होते. आमच्या फाटकावरचा टेम्पो हाच. हे वाचून मला वाटलं, झालं, बिघाड सापडला. पण पुढचं निरीक्षण वेगळं होतं. कृमीला वारंवार स्पर्श केला की थांबलेल्या पुटिका कमी होतात, म्हणजे अडलेला माल चालू लागतो. ही कोंडी निव्वळ अडथळा नसावी, वाटेवरचं गोदामही असावं, गरज पडली की उघडणारं. मुलांना शिकवताना मी 'अडथळा' हा एकच शब्द वापरला असता, आणि चुकले असते.

माणसात यूएनसी-१०४ चं समकक्ष प्रथिन म्हणजे केआयएफ१ए. त्याच्या जनुकात दोष असलेली मुलं जन्माला येतात. पाय ताठ होत जातात, चालणं अडखळतं, बोलणं-शिकणं उशिरा येतं, फिट येतात, काहींची दृष्टी अधू होते. यांना पुष्कळदा सेरेब्रल पाल्सी समजलं जातं आणि बाळंतपणातल्या कुठल्या तरी घटनेवर बोट ठेवलं जातं. आई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. तिचा काही दोष नसतो. पुष्कळांत हा बदल आईवडिलांकडून आलेलाही नसतो, तो त्या मुलातच नव्याने झालेला असतो. खात्रीचा इलाज अजून नाही, पण निदान जनुकीय चाचणीने होतं. तेव्हा तुमच्या ओळखीत असं मूल असेल, पाय दिवसेंदिवस ताठत असतील आणि बाळंतपण मात्र सुरळीत झालेलं असेल, तर त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना या चाचणीबद्दल जरूर विचारा.