आजाऱ्याला भेटायला जाताना

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी आपल्याकडची रीत. मोसंबी, शहाळे, गेला बाजार बिस्किटांचा पुडा तरी हवाच. पण रुग्णालयात शिरणारा हात तसाही कधी रिकामा नसतो, हे आमच्या कुटुंबाला उमगले ते मामांच्या आजारपणात.

मामा मुळशी तालुक्यातले, पौडच्या पलीकडचे. खाचराच्या बांधावरून पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तीही उत्तम. मग गावाकडून एस. टी. भरभरून माणसे येऊ लागली. कुणी खाटेवरच टेकले. कुणी शेजारच्या अनोळखी आजोबांच्याही पाठीवरून हात फिरवला. आठव्या दिवशी जखमेतून पू आला. तपासणीच्या कागदावर औषधांची नावे एकाखाली एक, आणि बहुतेकांपुढे ‘आर’ हे अक्षर. म्हणजे ‘रेझिस्टंट’: या जंतूपुढे हे औषध चालायचे नाही!

“अगं बाई, इतकी औषधं नापास?” मामी म्हणाल्या.

जंतू कुणाच्या हातून आला, ते कुणालाच सांगता येईना. मामांना वेगळ्या खोलीत हलवले, दाराशी झगे नि हातमोजे आले. मामा हिरमुसले. “मला वाळीत टाकलंय व्हय, सिस्टर?”

“तुम्हाला नाही बाबा, त्या जंतूला!”

मुळशीच्या शेजारी पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. लोकांना ती संजीवनीच वाटली. परंतु पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला दाद देईनासे होतात. रुग्णालयात औषधांचा मारा सर्वांत जास्त. साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या रानात फोफावतात. काही तर आपला हा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात. एवढी उदारता माणसांत कुठली!

या जंतूंना पाय नाहीत. ते खाटेच्या कठड्यावरून, लघवीच्या नळीवरून आणि मुख्यत्वे हातांवरून फिरतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ च्या मे महिन्यात सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शेकडा अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. त्या वेळी प्रतिजैविके नव्हतीच, आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूवर आजही हाच उपाय पहिला.

तेव्हा भेटीला जाल तर आत शिरताना आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा. साबणाने ४० ते ६० सेकंद, दाराजवळच्या बाटलीतले औषध असेल तर २० ते ३० सेकंद पुरे. हात मळके दिसत असतील तर मात्र साबण-पाणीच. खाटेवर बसू नका, मलमपट्टीला आणि नळ्यांना हात लावू नका, एका रुग्णाकडून थेट दुसऱ्याकडे जाऊ नका. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी फोनवरूनच विचारपूस करा. आणि डॉक्टरांना “हात धुतलेत ना?” असे विचारायला संकोचू नका. आमच्या मामींनी एका तरुण डॉक्टरांना विचारले. ते हसले आणि मुकाट्याने बेसिनकडे वळले.