जुन्या होडीचा सौदा : किंमत कमी, खर्च भारी

जून तोंडावर आला की वसईपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस त्या झावळ्यांच्या किंवा प्लास्टिकच्या आच्छादनाखाली काढतात. बंदी उठल्यावर त्यांतल्या बहुतेक पुन्हा पाण्यात जातात; काही मात्र जागच्या हलत नाहीत. मालकाने फायबरची बोट घेतलेली असते आणि जुन्या लाकडी होडीला गिऱ्हाईक शोधणे सुरू असते. अशी होडी स्वस्तात घ्यावी, दुरुस्त करून पर्यटकांना खाडीत फिरवावे, निदान गावच्या घरासमोर आपली एक होडी असावी, असे मुंबई-पुण्यातील अनेकांच्या मनात येते. या व्यवहारात होडीची किंमत हाच सर्वांत लहान आकडा असतो, हे बहुधा सौदा झाल्यावर कळते.

लाकूड पाण्याने कुजते, हा समज अर्धाच खरा आहे. खाऱ्या पाण्यात सतत बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला ओलाव्याबरोबर हवाही लागते आणि मीठ तिला मानवत नाही. होडीला खरा धोका गोड्या पाण्याचा, म्हणजे पावसाचा असतो. डेकच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी नाळेच्या पोकळीत किंवा इंजिनाभोवतीच्या कोंदट कोपऱ्यांत साचते आणि तेथून कूज सुरू होते. त्यामुळे वर्षानुवर्षे समुद्रात राबलेली होडी धडधाकट आणि दोन-तीन पावसाळे किनाऱ्यावर उघडी पडलेली होडी पोकळ, असे घडू शकते. ती किती दिवस पाण्याबाहेर आहे, हा प्रश्न तिच्या वयाआधी विचारावा.

पाण्याखालच्या भागाचा शत्रू वेगळा आहे. जहाजकिडा या नावाने तो ओळखला जात असला तरी प्रत्यक्षात तो किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. अगदी लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो फळीत शिरतो आणि आतल्या आत पोखरत वाढतो. बाहेरून फळी शाबूत दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. पूर्वी कोकणात होड्यांना मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडत, ते लाकडाच्या अशाच रक्षणासाठी.

म्हणून पाहणीला जाताना होडीचे काम केलेला सुतार बरोबर हवाच. त्याची हत्यारे साधी असतात : एक हातोडी आणि एक टोचा. निरोगी लाकडावर हातोडी खणखणीत वाजते, कुजक्यावर बद्द. कण्यालगतची पहिली फळी, नाळ, होडीचा मागचा भाग आणि डेक जेथे बाजूच्या फळ्यांना मिळतो ती कड, या जागी टोचा जरूर लावून पाहावा. खिळ्यांभोवती काळा डाग दिसला तर लोखंड गंजून त्याने भोवतीचे लाकूडही खाल्ले आहे, असे समजावे. दोन-चार खिळे उपटून दाखवण्यास विक्रेता तयार नसेल, तर त्याचाही अर्थ लावता येतो.

त्यानंतर होडीपासून थोडे दूर जाऊन तळाच्या कण्याची रेष पाहावी. कण्याची दोन्ही टोके खाली झुकली असतील आणि मधला भाग उचलला गेला असेल, तर होडीचे अंग मोडले आहे. निर्णय येथेच होतो. फळी बदलता येते. चार-दोन बरगड्याही बदलता येतात. पण कणा वाकलेला आणि बहुतेक बरगड्या सुटलेल्या असतील, तर ती दुरुस्ती राहत नाही, जुन्या होडीच्या आकाराची नवी होडी बांधणे ठरते. तेवढ्या पैशात खरोखरच नवी बांधलेली बरी.

पाण्यात सोडताच होडी गळू लागली, एवढ्यावरून मात्र तिला नापास करू नये. कोरड्यावर राहिलेल्या फळ्या आकसतात आणि पाणी पिऊन पुन्हा फुगतात. मग फटी मिटतात. उलट, अजिबात न गळणाऱ्या होडीविषयी शंका घ्यावी, विशेषतः जुन्या लाकडावर फायबरचे अस्तर चढवले असेल तर. सुकलेल्या, निरोगी लाकडावर असे अस्तर उपयोगी पडते. ओल्या लाकडावर ते ओल कोंडून ठेवते आणि कूज डोळ्यांआड करते.

चांगले लाकूड किती टिकते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. मात्र तिच्या जीर्णोद्धाराला १९९० पासून २००१ पर्यंतचा काळ आणि एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम लागली. सागाने दोन शतके साथ दिली, पण फुकट नव्हे.

कोकणातल्या होडीचा प्रश्न बहुधा लाकडावर नव्हे, माणसावर अडतो. दारे-खिडक्या करणारा सुतार हे काम करू शकत नाही. फळीला बाक देणे, दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून ती बुजवणे, नैसर्गिक वळण असलेल्या फांदीतून बरगडी काढणे, ही निराळी विद्या आहे. साच्यातून निघणाऱ्या फायबरच्या बोटींनी ती जाणणाऱ्यांचे काम कमी केले आणि पुढची पिढी त्यात फारशी उतरली नाही. गावापासून तासाभराच्या अंतरावर असा कारागीर नसेल, तर होडी कितीही चांगली असो, दरवर्षीच्या डागडुजीला तिला वाली उरणार नाही. आणि ही डागडुजी चुकत नाही : तळ खरवडणे, फटी पाहणे, रंग, तेल, आच्छादन.

कागदपत्रांकडे मात्र शहरी खरेदीदाराचे हमखास दुर्लक्ष होते. होडीची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर बँकेचा किंवा मच्छीमार सहकारी संस्थेचा बोजा आहे का, हे आधी पाहावे. मासेमारीसाठी नोंदलेल्या होडीतून प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून तपासणी आणि परवाना लागतो. पर्यटनाच्या उत्पन्नावर कर्ज फेडण्याचा हिशेब मांडला असेल, तर हा परवाना मिळेल का, याची चौकशी इसारा देण्यापूर्वीच करावी.

पाहणीसाठी मे महिन्याचा शेवट सर्वांत सोयीचा. होडी नुकतीच वर ओढलेली असते, तळ उघडा असतो आणि लाकूड अजून ओले असल्याने कुजका भाग टोच्याला लगेच सापडतो. ऑगस्टमध्ये हीच होडी ताज्या रंगात उभी असते. त्या रंगाखाली काय आहे, ते हातोडीलाही नीट सांगता येत नाही.