चौघांची एक नाव

बहुतेक सर्व शर्यतींत स्पर्धकाचें तोंड आपल्या ध्येयाकडे असतें. घोडेस्वार असो, सायकलस्वार असो कीं पळणारा मुलगा असो, जेथें पोंचावयाचें तें ठिकाण त्याच्या डोळ्यांसमोर असतें. नौकानयनाची शर्यत या नियमास अपवाद आहे. तींत वल्हेकरी पाठमोरा बसतो. जिंकण्याची रेषा त्याच्या पाठीशीं असते, आणि डोळ्यांपुढें असतें तें मागें टाकलेलें पाणी. या विलक्षण खेळासंबंधीं, आणि विशेषतः इ. स. २०१८ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्या चार सैनिकांनीं मिळविलेल्या विजयासंबंधीं, आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. क्रिकेटच्या सामन्याची इत्थंभूत हकीकत घरांतील लहानथोरांस मुखोद्गत असते. या विजयाची वार्ता मात्र दोन दिवस वर्तमानपत्रांत झळकून मागें पडली, हें आम्हांस ठीक वाटत नाहीं.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मुळेच्या कांठचा बोट क्लब व तेथील रेगाटा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याची थोडीबहुत कल्पना असेलच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत संथ पाण्यावर तरंगत्या खुणांनीं सरळ मार्ग आंखलेले असतात, आणि शर्यतीचें अंतर २,००० मीटर असतें. नाव अत्यंत अरुंद व हलकी असते. एकट्यानें वल्हवावयाची नाव तर अवघी १४ किलो वजनाची असली तरी चालते. कांहीं प्रकारांत प्रत्येकानें एकच लांब वल्हें दोन्ही हातांनीं धरावयाचें असतें, तर कांहींत प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्हीं असतात. बसावयाची फळी चाकांवर मागेंपुढें सरकते. त्यामुळें हें काम दंडांचें असें पाहणारास वाटलें, तरी खरा जोर मांड्यांचा व पायांचा असतो. गुडघे दुमडून पुढें यावयाचें, वल्हें पाण्यांत घालावयाचें, पाय ताठ करीत शरीर मागें रेटावयाचें, वल्हें बाहेर काढावयाचें, आणि पुन्हां पुढें यावयाचें. असें एकेका मिनिटास पस्तीसच्या आसपास वेळां. क्षणभर वल्हें वेडेंवांकडें पडून पाण्यांत अडकलें, तर त्याची मूठ छातीवर आदळते आणि नावेचा सारा वेग मोडतो.

संस्कृतांत नावेच्या सुकाणूस कर्ण म्हणतात. तें धरणारा तो कर्णधार. आज हा शब्द क्रिकेटच्या संघनायकास लावण्यांत येतो, पण त्याचें मूळ घर नावेंत आहे. आठ वल्हेकर्‍यांच्या मोठ्या नावेंत असा कर्णधार आजहि असतो. तो स्वतः वल्हें मारीत नाहीं. दिशा सांभाळतो व गड्यांस हांक देतो. चौघांनीं आठ वल्ह्यांनीं चालवावयाच्या नावेंत मात्र तो नसतो. चौघांपैकीं एकजण वल्हीं मारतां मारतांच पायानें सुकाणू फिरवितो. नावेच्या मागील टोंकाजवळ बसलेला गडी ताल धरतो, आणि बाकीच्या तिघांनीं आपल्यापुढील गड्याच्या पाठीकडे पाहून त्याच क्षणीं वल्हीं पाण्यांत घालावयाचीं असतात. येथें सर्वांत बलवान गड्यासहि आपल्या बळास आवर घालावा लागतो. त्यानें ताल सोडून जोर केला, तर नाव पुढें धांवण्याऐवजीं डुलूं लागते.

२०१८ च्या स्पर्धा इंडोनेशियांतील जकार्ता व पालेंबांग या दोन नगरांत भरल्या होत्या. पालेंबांग हें सुमात्रा बेटांतील मुसी नदीच्या कांठचें पुरातन शहर. श्रीविजय नामक सागरी राज्याचें तें केंद्र होतें. तेथें सांपडलेल्या शके ६०५ च्या शिलालेखाची भाषा जुनी मलयी असून तींत संस्कृत शब्द ठिकठिकाणीं आले आहेत, आणि त्याचा विषयहि नौकायात्रेचाच आहे! अशा या नगरांत, जकाबारिंग येथील तलावावर, नौकानयनाच्या शर्यती झाल्या.

आपल्या चौघांपैकीं स्वर्णसिंग व सुखमीतसिंग हे पंजाबचे, ओमप्रकाश हे राजस्थानचे, आणि दत्तू भोकनळ हे आपल्या नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांतल्या तळेगांव रोही या गांवचे. चौघेहि सैन्यांतले. भोकनळ यांची हकीकत महाराष्ट्रीय वाचकांनीं अवश्य ध्यानीं ठेवावी. त्यांचा मुलूख अवर्षणाचा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाऊन त्यांनीं दिवस काढले. म्हणजे पाण्याशीं त्यांचा पहिला संबंध आला तो तें जमिनींतून शोधून काढण्याच्या निमित्तानें. २०१२ सालीं ते सैन्यांत दाखल झाले, आणि तेथेंच प्रथम त्यांच्या हातीं वल्हें आलें. आरंभीं त्यांस पाण्याचें भय वाटे. तरी चारच वर्षांनीं, २०१६ सालीं, रिओच्या ऑलिंपिक स्पर्धांत एकट्याच्या नावेच्या शर्यतींत त्यांनीं तेरावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीं त्यांची आई अपघातानें शुद्धि हरपून अंथरुणास खिळली होती. असें दुःख पोटांत ठेवून त्यांनीं तें अंतर कापलें.

आतां पालेंबांगच्या दोन दिवसांकडे वळूं. ऑगस्टच्या २३ तारखेस, गुरुवारीं, नौकानयनांत भारतीयांच्या पदरीं एकहि पदक पडलें नाहीं. दोघांच्या नावेंत स्वर्णसिंग व ओमप्रकाश चौथे आले. पदक तिघांसच मिळतें, तेव्हां चौथ्या स्थानाइतकें बोंचणारें दुसरें स्थान नाहीं. एकट्याच्या नावेच्या अंतिम शर्यतींत भोकनळ सहावे, म्हणजे शेवटचे आले. त्यांची प्रकृति त्या दिवसांत बरी नव्हती, असें तेव्हां प्रसिद्ध झालें होतें.

दुसर्‍या दिवशीं, शुक्रवारीं, प्रथम दुष्यंत यांनीं एकट्याच्या हलक्या वजनगटांत कांस्यपदक मिळविलें. नंतर रोहितकुमार व भगवानसिंग यांनीं दोघांच्या नावेंत दुसरें मिळविलें. त्यानंतर चौघांची नाव पाण्यांत उतरली. तींतील तिघे आदल्याच दिवशीं हरलेले होते. त्या नावेनें २,००० मीटर अंतर ६ मिनिटें १७.१३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक जिंकलें. यजमान इंडोनेशियाची नाव तीन सेकंदांहून अधिक मागें राहिली. तीन सेकंद ऐकावयास थोडे वाटतात; पण त्या वेगानें तेवढ्या वेळांत नाव पंधरा मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या लांबीहून जास्त, पुढें जाते. आशियाई स्पर्धांत भारतास नौकानयनांत पहिलें सुवर्णपदक २०१० सालीं बजरंगलाल ताखर यांनीं एकट्याच्या नावेंत मिळवून दिलें होतें. हें चौघांचें मिळून होतें. पुढें २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें सुखमीतसिंग यांनीं नव्या तिघां सोबत्यांसह याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें.

या विजयांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी कीं, आदल्या दिवशीं शेवटचा आलेला गडी दुसर्‍या दिवशीं नावेंतून वगळला गेला नाहीं. त्याची जागा त्यास मिळाली, आणि त्याच्या पुढच्यामागच्यांनीं त्याच्या तालावर विश्वास ठेवला. ज्या नावेंत कालच्या अपयशाचा हिशेब चालतो, तिचा ताल आजहि बिघडल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत हें कितपत घडतें? शाळेंत इतकीं वर्षें घालविल्यावर आम्हांस असें सांगावेंसें वाटतें कीं, परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाचें नुकसान त्या निकालापेक्षां पुढें वर्षभर पंक्तीस, पाहुण्यांपुढें, चुलतभावंडांच्या देखत होणार्‍या त्याच्या उल्लेखानेंच अधिक होतें. व्यवहारांत ठोकर खाल्लेल्या धाकट्या भावाची, किंवा माहेरीं परत आलेल्या मुलीची गोष्टहि निराळी नाहीं. अशा माणसास दुसर्‍या दिवशीं घरांतलें एखादें खरें काम, त्याची नेहमींची जागा देऊन, सोंपवावें. उपदेशापेक्षां त्याचा उपयोग अधिक होतो.

रेगाटा पाहण्याचा योग आल्यास वाचकांनीं मुलाबाळांसह अवश्य जावें. नावेंत सर्वांत बलवान कोण, असें मुलें विचारतीलच. त्यांस वल्हीं कशीं एकदम पाण्यांत पडतात तेवढें पाहावयास सांगावें.