ताबो ते लांगझा : मातीच्या मंदिरांची पायवाट

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, ताबोच्या बौद्ध मठाच्या मुख्य मंदिरात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. आत छायाचित्रणाला मनाई आहे आणि उजेड बेताचा. विजेरीच्या झोतात दक्षिणेकडची भिंत तुकड्यातुकड्याने दिसू लागते. तिच्यावर सुधनाची कथा रंगवली आहे. गण्डव्यूह सूत्रातला हा तरुण बोधीच्या शोधात पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो. त्यांत भिक्षू आहेत, तसेच नावाडी, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, राजा आणि गणिकाही आहेत. प्रत्येक जण आपल्याला उमगले तेवढे सांगतो आणि पुढच्या गुरूकडे धाडतो.

स्पितीचे खोरे पाहण्याची खरी रीत या भिंतीवरच रंगवून ठेवली आहे, असे मला वाटते. एका मंदिरापासून पुढच्या गावापर्यंत चालत जावे, तिथे मुक्काम करावा आणि सकाळी पुढे निघावे. आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मात्र काझा या खोऱ्यातल्या मुख्य गावाहून सकाळी गाडी काढतात आणि लांगझा, हिक्किम, कोमिक अशी तिन्ही गावे दुपारपर्यंत उरकतात. उंचावरच्या टपाल कचेरीतून घरी पत्र टाकले, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढला की झाले. एवढा लांबचा प्रवास करून खोरे असे हातचे जाऊ देणे मला पटत नाही.

ताबोची स्थापना 996 मधली. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने हे मंदिर बांधले आणि शेहेचाळीस वर्षांनी, 1042 मध्ये, त्याच्या वंशातल्या जांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. मंदिराच्या भिंतीवरच्या लेखात ही हकिकत नोंदलेली आहे. त्याच वर्षी या जांगछुब-ओच्या निमंत्रणावरून विक्रमशिलेचे आचार्य अतिश पश्चिम तिबेटात पोहोचले. त्याआधीच्या पिढीत भाषांतरकार रिनछेन झांगपो (958-1055) काश्मीरला जाऊन संस्कृत ग्रंथ शिकून आला होता. त्याने भाषांतरे केली, मंदिरे उभारली. ताबोच्या चित्रांतल्या माणसांचे पोशाख, डोळ्यांची ठेवण, मूर्तींचे बांधेसूद देह यांतून काश्मीरची कला स्पष्ट दिसते. काश्मीरमधली त्या काळची बौद्ध भित्तिचित्रे आता उरलेली नाहीत, त्यामुळे तिथले चित्रकार कसे रंगवत असतील, याचा अंदाज ताबो आणि लडाखमधल्या आलचीवरूनच बांधावा लागतो. तिबेटचे युरोपीय अभ्यासक फ्रांके 1909 मध्ये आणि तुच्ची 1933 मध्ये इथे येऊन गेले, तेव्हापासून अभ्यासकांची पावले या खोऱ्याकडे वळत राहिली आहेत.

ताबोला हिमालयाचे अजिंठा म्हणतात. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला हे कौतुक सुखावते, पण दोन्हींतला फरक फार महत्त्वाचा आहे. रंग दोन्हीकडे मातीच्या कोरड्या गिलाव्यावर लावलेले. मात्र अजिंठ्याच्या गिलाव्यामागे सह्याद्रीचा कातळ आहे, ताबोच्या गिलाव्यामागेही मातीच. भिंती मातीच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर फांद्यांचा थर आणि पुन्हा माती. भिंतींवर खुंट्यांच्या आधाराने अधांतरी बसवलेल्या तीसहून अधिक देवतामूर्तीसुद्धा मातीच्याच. 19 जानेवारी 1975 च्या किन्नौरच्या भूकंपाने इथे बरीच पडझड झाली. तरी हजार वर्षे हे मंदिर टिकले, कारण स्पिती पर्जन्यछायेत आहे आणि गावाने छपरावरचे बर्फ दर हिवाळ्यात न चुकता लोटले आहे.

ताबोहून धनकरपर्यंत गाडीनेच जावे. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या कड्याच्या सुळक्यांमध्ये जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, चिकटून बसला आहे. हे एकेकाळी स्पितीचे राजधानीचे ठिकाण. कड्याची धूप इतकी झाली आहे की 2006 मध्ये या गोम्पाचे नाव जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातले गेले. इथे चालायला सुरुवात होते. एका सकाळी वरच्या तळ्यापर्यंत जाऊन यावे, दुसऱ्या दिवशी लिंगटी खोऱ्यातल्या ल्हालुंगला जावे. ल्हालुंगचा सेरखांग, म्हणजे सोनेरी मंदिर, बाहेरून साधे मातीचे घर वाटतो, आणि आत तिन्ही भिंती सोनेरी मूर्तींनी भरलेल्या आहेत. स्थानिक परंपरा तो रिनछेन झांगपोचाच मानते.

ल्हालुंगहून चढत देमुल, तिथून उंच कुरणांवरून कोमिक, मग हिक्किम आणि लांगझा. प्रत्येक टप्पा एका दिवसात होतो. या वाटा गिर्यारोहकांसाठी कोणी आखलेल्या नाहीत. लग्नाला, जत्रेला, गुरांमागे लोक याच वाटांनी जात आले आहेत. त्यांच्या कडेने जाणारे पाण्याचे पाट पाहिले की गाव कळू लागते. हिमनदीचे वितळलेले पाणी पाटाने शेतात येते आणि त्यावर पहिला हक्क गावातल्या जुन्या थोरल्या घरांचा. जमीन थोरल्या मुलाकडे जाते, तो संसाराला लागला की आईवडील शेजारच्या लहान घरात राहायला जातात, आणि धाकट्या भावांना पूर्वी गोम्पात पाठवत. पाणी मोजके, म्हणून शेतीचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत. तुकडे नकोत, म्हणून धाकटे लामा. मंदिरातली गर्दी आणि शेताचा बांध यांचा असा थेट संबंध आहे.

घराच्या सपाट छपरावर कडेने रचलेल्या चाऱ्याच्या आणि सरपणाच्या थप्प्या हिवाळ्यासाठी असतात. शेतात सातू, काळा वाटाणा आणि अलीकडच्या काही दशकांत हिरवा वाटाणा, जो ट्रकने मैदानी बाजारात जातो. देमुलमध्ये पाहुणे घरोघर पाळीपाळीने ठेवतात, त्यामुळे पर्यटनाचा पैसा एकाच दारात अडकत नाही. रस्त्यालगतच्या कितीतरी गावांना हे जमलेले नाही.

लांगझाच्या आसपास मातीत अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता, त्याचे हे अवशेष. ते विकायला आणले तरी घेऊ नयेत.

या मातीच्या मंदिरांना आता धोका पावसाचा आहे. पूर्वी जिथे पाऊस अपवादानेच पडे, तिथे आता अवेळी सरी येतात. मातीचे छप्पर बर्फ सोसते, कारण बर्फ लोटून टाकता येते. पाणी मात्र मुरते आणि रंगांवर ओघळ उतरतात. पत्रा घालणे हा उपाय सोपा दिसतो, पण जुन्या भिंतींना आणि तुळयांना वेगळ्या बांधणीचा भार मानवेलच असे नाही. इथे मातीकामात मुरलेले गवंडी हवेत, आणि त्या कामाची मजुरी वेळेवर द्यायला पैसा हवा.

जायचे असेल तर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जा, सातू पिकलेला असतो. शिमला-किन्नौर मार्गाने या, म्हणजे उंची हळूहळू वाढते. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून थेट काझाला उतरलात तर डोके धरून बसावे लागेल. ताबोला निदान दोन रात्री काढा, वाटाड्या गावातलाच घ्या, मुक्काम गावकऱ्यांच्या घरी करा. आणि मंदिरातल्या दानपेटीत टाकताना हात आखडता घेऊ नका.