गोदामाच्या नकाशातच मालाची नोंद

जुन्नरचे कागदी कारागीर एकेकाळी हातकागदासाठी ओळखले जात. आता हिशेब कागदावरून संगणकावर आला. तरी बरेच व्यापारी बांधव गोदामाचा नकाशा वेगळा आणि मालाची यादी वेगळी ठेवतात. दोहोंचा मेळ बसत नाही. मग तागा फडताळात असूनही गिऱ्हाईक परत जाते.

यावर उपाय आहे. संगणकावर बसवलेल्या मायक्रोसॉफ्ट व्हिजिओत एका फडताळाचा चौकोन काढा. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डेटा' आणि मग 'डिफाइन शेप डेटा' निवडा. कापडाचा प्रकार, तागे, मीटर, आवक तारीख असे आपले रकाने तयार करा. तागे व मीटरला 'नंबर', तारखेला 'डेट', प्रकाराला ठरावीक यादी द्या; म्हणजे एक नोकर 'सुती' आणि दुसरा 'कॉटन' लिहिणार नाही. रकाने पुरे झाल्यावरच चौकोनाच्या नकला काढा. पुढे 'शेप रिपोर्ट्स'मधून सर्व फडताळांचा गोषवारा निघतो.

खर्च नको असेल तर ड्रॉ डॉट आयओ मोफत आहे. चौकोन निवडून कंट्रोल व एम दाबले की रकाने जोडता येतात. मात्र तिथे आकडाही साधा मजकूर म्हणूनच राहतो. चूक आपणच पकडायची.

एक खबरदारी घ्यावी. रकाने चौकोनात दिसले नाहीत तरी फाइलबरोबर जातात. नकाशाची फाइल गिऱ्हाइकाला पाठवली, तर आत लिहिलेला खरेदीचा भावही त्याच्या हाती पडतो. तो भाव खातेवहीतच राहू द्यावा.