कुलपाची खूण म्हणजे सचोटीची हमी नव्हे

माल मागविणे, उधारी चुकती करणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे ही कामे आता मोबाइलवरच होतात. तेव्हा समोरची वेबसाइट खरी की बनावट, हे ओळखता येणे व्यापारी व कारागीर बंधूंना गरजेचे झाले आहे. 'कुलूप दिसले की बिनधोक पैसे भरावेत' असा अनेकांचा समज आहे. तो महागात पडू शकतो.

वेबसाइटचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत असेल तर तिच्याकडे सुरक्षा प्रमाणपत्र असते. ब्राउझर व फोन बनविणाऱ्यांनी मान्य केलेल्या संस्था ते देतात. त्यावरून दोनच गोष्टी कळतात. एक, आपण पाठविलेली माहिती वाटेत कोणी वाचू अथवा बदलू शकत नाही. दोन, पत्त्यात जे नाव दिसते त्याच ठिकाणी आपण पोहोचलो आहोत.

तेथे बसलेला माणूस सचोटीचा आहे काय, हे त्यातून कळत नाही. काट्यावरचा वजनमापे खात्याचा शिक्का वजनाची खात्री देतो, मालाची नव्हे. तसेच हे आहे. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रे मोफत देते. त्यामुळे एखाद्या बँकेच्या नावात एक अक्षर बदलून ठगही रीतसर प्रमाणपत्र मिळवितो. लोकांच्या या गैरसमजामुळेच क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

मग काय पाहावे?

पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असते, ते खऱ्या मालकाचे. सुरुवातीला बँकेचे नाव असले तरी भुलू नये. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. बँकेचा पत्ता तपासताना हा शेवट पाहावा.

मेसेजमधून आलेल्या लिंकवरून पैसे भरू नयेत. पत्ता स्वतः टाइप करावा. पडदाभर धोक्याची सूचना आली तर पुढे जाऊ नये. फोनमधील तारीख चुकली असली तरीही अशी सूचना येते, म्हणून आधी ती पाहावी. नव्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासावा आणि पहिली ऑर्डर लहानच द्यावी.

ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांनी प्रमाणपत्राची मुदत सांभाळावी. ती संपली की गिऱ्हाइकाला धोक्याची सूचना दिसते व तो परत फिरतो. ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय २०२५ साली झाला आहे. तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय वेबसाइट बनविणाऱ्याकडून आताच करून घ्यावी.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.