भूखंडाची बुडालेली कड

शालेय भूगोलाच्या पुस्तकात सागरतळाची एक आकृती हमखास असते. डावीकडे किनारा, तेथून किंचित उतरत जाणारी रेघ म्हणजे समुद्रबूड जमीन अर्थात भूखंडमंच, मग एकदम कोसळणारा खंडान्त उतार, आणि शेवटी सपाट सागरी मैदान. विद्यार्थी ही आकृती वहीत उतरवतात, परीक्षेत तिचे गुण मिळवतात आणि विसरून जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आकृती पानात मावावी म्हणून तिच्यातील उतार इतके फुगवलेले असतात की प्रत्यक्षाशी तिचे नाते जेमतेमच उरते. आणि दुसरे असे, की ज्या किनाऱ्यावर हे विद्यार्थी राहतात त्या किनाऱ्यासमोरचा तळ कसा आहे, याविषयी ती काहीच सांगत नाही.

मुंबईहून सरळ पूर्वेला हवाई अंतराने बीड जितके दूर आहे, साधारण तितकेच पश्चिमेला गेल्यावर, म्हणजे सुमारे 300 किलोमीटरांवर, भूखंडमंचाची कड येते. तेथे पाण्याची खोली शंभर मीटरांच्या आसपास असते. याचा अर्थ असा की सरासरीने दर तीन किलोमीटरांना तळ एका मीटरने उतरतो. क्रिकेटच्या मैदानाला एवढा उतार असता तर तो कोणाच्या लक्षातही आला नसता. कड ओलांडल्यावर मात्र चित्र बदलते आणि तळ तीन हजार मीटरांपेक्षाही खाली जातो. दक्षिणेकडे हाच मंच अरुंद होत जातो. कोचीसमोर त्याची रुंदी अवघी 60 किलोमीटरांच्या घरात आहे. किनाऱ्यावर उभे राहून देशाची सीमा समोर पसरली आहे असे वाटते खरे, पण भूखंड तेथे संपलेला नसतो. तो पाण्याखाली गेलेला असतो, एवढेच.

ही कड घडली ती एका फाळणीतून. गोंडवन या महाखंडाचे तुकडे होत असता भारत आणि मादागास्कर सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी विलग झाले. सेशेल्स मात्र भारताला चिकटून राहिले होते. पुढे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात, भूशास्त्राच्या मापाने थोड्याच, सेशेल्सही सुटून निघाले. आज हिंदी महासागराच्या मध्यावर एकाकी असलेल्या त्या बेटांवर सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आढळतो. सागरतळातून वर आलेल्या ज्वालामुखी बेटांवर असला खडक सापडत नाही. तो भूखंडाचाच तुकडा असल्याची ती साक्ष आहे.

या फाळणीची खूण पाहण्यासाठी समुद्रात जावे लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. घाट उतरून पनवेलच्या बाजूला आले की तेच थर पश्चिमेकडे कललेले दिसतात. भूशास्त्रात हे ‘पनवेलचे वळण’ म्हणून प्रसिद्ध आहे. भूखंड ताणला गेला, पातळ झाला, फुटला आणि त्याची कड समुद्राकडे वाकून खचली. महाराष्ट्राचा काळा कातळ किनाऱ्याशी थांबत नाही, तो गाळाच्या थरांखाली समुद्रातही पसरलेला आहे. कोकणपट्टी, सह्याद्रीचा कडा आणि भूखंडमंच यांचा विचार वेगवेगळ्या प्रकरणांत करण्याची प्रथा पाठ्यपुस्तकांच्या सोयीची असेल, पण तिन्हींचे मूळ त्या एकाच घटनेपाशी जाते.

खचलेली ही कड पुढे गाळाने व चुनखडीने भरत गेली. सगळाच भाग सारखा खचला नाही. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरांवर एक भाग भोवतालापेक्षा उंच राहिला. त्याच्यावरच्या उथळ समुद्रात चुनखडीचे जाड थर साचले आणि त्यांच्या छिद्रांत खनिज तेल येऊन अडकले. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेथे तेल शोधले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोचले. तेलाची बातमी झाली. ज्या मंचावर ते मिळाले त्याची मात्र झाली नाही.

मंचाच्या पृष्ठभागाची कहाणी याहून अलीकडची आहे आणि मानवाच्या जवळची. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, ध्रुवांकडील भूभागांवर इतके पाणी बर्फरूपाने अडकले होते की जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटरांनी खाली होती. वर दिलेला हिशेब येथे लावून पाहावा. शंभर मीटर खोलीचा मंच त्या काळी कोरडा होता. आज जेथे मच्छीमार नौका जाळी टाकतात तेथे मैदाने होती, त्यांवरून नद्या वाहत होत्या, आणि किनारा कित्येक कोस पश्चिमेला होता. गोव्यात 1966 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या मंचाचे नमुने गोळा केले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. किनाऱ्याजवळ, पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत, नद्यांनी आणलेला ताजा चिखल आहे. त्यापलीकडे मात्र उथळ पाण्यातच बनणारे चुन्याचे गोल कण आणि शिंपल्यांची वाळू आहे. हे सारे दहा हजार वर्षांच्या आसपासचे. समुद्र चढत गेला आणि तो जुना किनारा आहे तसा पाण्याखाली राहिला. नाविकांच्या नकाशांवर मुंबईसमोरच्या एका विस्तीर्ण सपाटीला ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ असे नाव आहे. मराठीत पन्नास वावांची सपाटी म्हणता येईल.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरांवर पाण्याखाली एक उंचवटा आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून जेमतेम वीस मीटर खोल. नकाशावर त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्यांच्या शत्रूंच्या भाषेत असे समुद्रतळाला चिकटून राहिले. हिमयुगात हा उंचवटा पाण्याबाहेर होता. आज तेथे जिवंत प्रवाळ आहेत.

कडेपलीकडच्या उताराला शांत समजण्याचे कारण नाही. 2015 मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने अरबी समुद्रात साडेतीन हजार मीटर पाण्याखालचा तळ छिद्रून पाहिला, तेव्हा एका प्राचीन महाकाय दरडीचा शेकडो मीटर जाडीचा ढिगारा हाती लागला. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यासमोरचा उतार ढासळला होता आणि त्याचा मलबा कोकण विभागापेक्षा मोठ्या क्षेत्रावर पसरला होता. संशोधकांनी तिला ‘नटराज’ हे नाव दिले आहे. नाव शोभते.

आता प्रश्न असा की या साऱ्याशी सामान्य नागरिकाचा संबंध काय? संबंध सीमेचा आहे. 1958 च्या जिनीव्हा करारात भूखंडमंचाची मर्यादा 200 मीटर खोली किंवा त्यापुढे जेथवर उपसा शक्य असेल तेथवर, अशी ठरली होती. ज्याच्याजवळ यंत्रे त्याचा समुद्र, असाच त्याचा अर्थ होत होता. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात ही व्याख्या बदलली. किनारी राष्ट्राला 200 सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरांचा तळ कसाही असला तरी मिळतो. त्यापुढचा हवा असेल तर भूखंड तेथवर पोचतो हे सिद्ध करावे लागते. सिद्ध करण्याची रीत अशी: आधी खंडान्त उताराचा पायथा शोधायचा, म्हणजे जेथे उताराचे मान सर्वाधिक बदलते तो बिंदू. तेथून 60 सागरी मैल मोजायचे; अथवा पायथ्यापासूनच्या अंतराच्या निदान एक टक्का इतका जाड गाळ जेथवर असेल तेथवर जायचे. यावर कमाल मर्यादाही आहेत. शाळेतल्या त्या आकृतीला आंतरराष्ट्रीय कायद्याचे बळ असे मिळाले आहे.

गाळाचे हे कलम भारतीय उपखंडाला किती मोलाचे आहे हे सहज ध्यानात येईल. हिमालयाची झीज होऊन सिंधूने अरबी समुद्रात जो गाळ ओतला त्याचा पंखा सुमारे दीड हजार किलोमीटर लांब आहे आणि मुखाजवळ त्याची जाडी नऊ किलोमीटरांहून अधिक भरते. बंगालच्या उपसागरातला गंगा-ब्रह्मपुत्रेचा पंखा याहूनही मोठा. पर्वत झिजतो तशी समुद्रातली हद्द वाढते, असा हा विचित्र व्यवहार आहे.

पायथा शोधणे मात्र कागदावर दिसते तितके सोपे नाही, आणि पश्चिम किनाऱ्यासमोर तर नाहीच. फाळणीच्या वेळी सुटलेले तुकडे आणि लाव्हाचे डोंगर तेथे तळावर उभे आहेत. त्यांपैकी ‘लक्ष्मी’ नावाच्या डोंगररांगेच्या अलीकडे एक खोल खोरे आहे. त्याच्या तळाचे कवच भूखंडाचे की सागराचे, यावर भूशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. उतार एकसारखा नसला की पायथा कोठे धरायचा हा वादाचा विषय होतो, आणि तो वाद वक्तृत्वाने जिंकता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे जहाजे फिरवून, ध्वनिलहरी पाठवून, ओळीमागून ओळ तळ मोजावा लागतो. जगाच्या सागरतळापैकी अशी नेमकी मोजणी आजवर जेमतेम चौथ्या हिश्श्याची झाली आहे. जुन्या सदस्य राष्ट्रांना आपली मोजणी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडण्यासाठी 13 मे 2009 पर्यंत मुदत होती. भारताने आपले दप्तर 11 मे रोजी सादर केले.